तलवारीचे हात आणि त्यांची चित्रे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चांदूर बाजार येथे दिलेले व्याख्यान)



या वर्षीच्या मेळाव्यात काही बोलावे अशी मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. तो कार्यकारिणीनेच नकळत आमच्या हाती दिला होता. स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचा कच्चा नमुना नजरेखालून घालण्यासाठी आमच्याकडे आला होता. मध्यभागी समई आणि समईच्या मागे एकमेकींस छेद देणाऱ्या दोन तलवारी. चित्र सुबक आहे, रंगही साजेसे आहेत. परंतु तलवारींच्या मुठींवर दृष्टी गेली आणि आम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिले. आपल्याकडील तलवारीच्या मुठीच्या माथ्यावर असते ती गोल चकती तेथे नव्हती. तिच्या जागी बोटांच्या रक्षणासाठी खाली आणलेली एकच लोखंडी पट्टी होती आणि ती घोड्याच्या रिकिबीसारखी कोनात वाकविलेली होती. ही मूठ आपल्याकडची नव्हे. इंग्रज घोडेस्वारासाठी १७९६ साली ठरविलेल्या नमुन्याची ती तलवार आहे.

छापखान्याने ती कोठल्या तरी तयार चित्रातून उचलली असणार. त्यात त्यांच्यावर रागावण्यासारखे काही नाही. परंतु आपल्यापैकी दहापंधरा जाणत्या माणसांनी तो नमुना पाहिला आणि एकासही त्यात वावगे वाटले नाही, ही गोष्ट मात्र आमच्या मनातून जाईना. खंडेनवमीला आपल्या घराघरांतून शस्त्रपूजन होते. जुनी तलवार असेल त्या घरी तलवार, नसेल तेथे विळा, कुऱ्हाड, पास, आणि आता ट्रॅक्टरही. हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूचे फूल ठेवले जाते. पण पाटावरची ती तलवार उचलून हाती कशी धरावी, पाऊल कोठे टाकावे, वार कोणत्या रेषेने न्यावा, हे आज आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहे? आमच्या घरात ते एका माणसाला ठाऊक होते. त्यांच्याविषयी पुढे बोलावयाचेच आहे. आधी त्या मुखपृष्ठावरच्या परक्या तलवारीचा वृत्तान्त ऐका, कारण तीही आपल्या वऱ्हाडात येऊन गेलेली आहे.

१७९३ च्या सुमारास इंग्रजांचे घोडदळ फ्लँडर्समध्ये फ्रेंचांशी लढत होते. त्यात जॉन गॅस्पर्ड ले मार्शां नावाचा एक अधिकारी होता. त्याच्या ध्यानात आले की आपले स्वार शत्रूला जितके जखमी करतात, त्याहून स्वतःला आणि स्वतःच्या घोड्यांना अधिक करतात. तलवार हाती दिलेली, पण ती चालवावी कशी हे शिकविलेले नाही! शेजारी ऑस्ट्रियाचे घोडदळ होते, ते या विद्येत तयार. त्यांच्याकडून तो शिकला, मायदेशी परतल्यावर त्याने नव्या धर्तीची बाकदार तलवार सुचविली आणि ती चालविण्याच्या नियमांचे पुस्तक लिहिले. ते १७९६ साली सरकारी हुकुमाने साऱ्या घोडदळासाठी प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात चित्रे होती. आमच्या नातवाने ती संगणकावर काढून दाखविली, तेव्हा एक रविवार आम्ही त्यांतच घालविला.

तलवारीची चित्रे आपल्याकडे नव्हती असे नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत वीर लढत आहे, वरच्या चौकटीत तो स्वर्गी जात आहे. त्याच्या हाती तलवार आहे, ढाल आहे. परंतु ते चित्र वीराने काय केले ते सांगते, कसे केले ते सांगत नाही. त्याचा तो उद्देशही नव्हता. ले मार्शांच्या पुस्तकातील स्वाराला मात्र नाव नाही, गाव नाही, चेहऱ्यावर आवेश नाही. त्याचा हात एका ठरावीक ठिकाणी आहे आणि तो तेथे का आहे हे खाली लिहिलेले आहे. आम्ही आयुष्यभर फळ्यावर भूमितीच्या आकृती काढल्या. ही चित्रे पाहून आम्हांस त्यांचीच आठवण झाली.

सारी विद्या त्याने सहा वारांत बसविली होती. भिंतीवर एक वर्तुळ काढावयाचे आणि मध्यातून एकमेकींस छेदणाऱ्या रेषा ओढावयाच्या. पहिला वार उजवीकडून तिरपा खाली, दुसरा डावीकडून तिरपा खाली. तिसरा व चौथा त्याच तिरप्या रेषांनी खालून वर. पाचवा आणि सहावा आडवे, एक या अंगाने, दुसरा त्या अंगाने. शिकाऊ शिपायाने त्या वर्तुळासमोर उभे राहावयाचे आणि अंकांच्या क्रमाने हात फिरवावयाचा. घोड्यावर बसणे नंतर, आधी जमिनीवर पाय रोवून हा पाठ. पुढे पायदळासाठी डोक्यावरून सरळ खाली येणारा सातवा वार त्यात मिळविला गेला.

लंडनमध्ये अँजेलो नावाचे तलवारबाजी शिकविणारे एक घराणे होते. त्यातील हेन्री अँजेलो याने थॉमस रोलंडसन या चित्रकाराकडून १७९९ साली चोवीस चित्रांचा एक संच ताम्रपटावर कोरवून घेतला. हा रोलंडसन मुळात व्यंगचित्रकार. पुढाऱ्यांची पोटे आणि नाके मोठी करून दाखविणारा माणूस! पण या चोवीस चित्रांत त्याने थट्टा बाजूस ठेवली. कोठे स्वार आहे, कोठे पायउतार शिपाई आहे. वार येतो कसा आणि तो अडवावयाचा कसा, हे पाहणाऱ्याला शब्दावाचून कळते. असा कागद एकदा छापला की त्याच्या शेकडो प्रती निघतात आणि ज्याने गुरूचे तोंडही पाहिले नाही, तो दूर गावी बसून निदान उभे कसे राहावे एवढे तरी शिकू शकतो. छापील चित्राचे सामर्थ्य ते हेच.

आता आपल्या प्रांताकडे या. पुस्तक निघाल्याला सात वर्षे झाली होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबर रोजी, अकोला जिल्ह्यातील तेल्हाऱ्याजवळच्या अडगावच्या मैदानात जनरल वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांची फौज समोरासमोर आली. भोसल्यांकडून राजे रघूजींचे बंधू मन्याबापू होते, शिंद्यांचे घोडदळही सोबत होते. इंग्रजांकडे १९ वी लाइट ड्रॅगून्स ही गोरी पलटण आणि मद्रासेकडील देशी रिसाले होते. लढाई सुरू होता होता दिवस कलला होता. फळी फुटल्यावर या घोडदळाने चांदण्यात आपल्या लोकांचा पाठलाग केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग तेथेच धारातीर्थी पडले. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा आपला बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाच्या पदरी पडला. या गावाबाहेर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की जी निळी डोंगररांग दिसते, तिच्याच माथ्यावर हा गाविलगड आहे. आपले पूर्वज त्या दिवशी कोठे होते, याचा कागद आमच्याजवळ नाही. भोसल्यांच्या फौजेत होते असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. कोणी असतीलही. बहुतेक जण शेतात रब्बी राखीत असावेत असा आमचा नम्र समज आहे.

अडगाव तोफांनी आणि कवायतीने जिंकले गेले, तलवारीच्या चित्रांनी नव्हे, हेही सांगून टाकले पाहिजे. एरवी कोणी म्हणेल की मास्तरांना जिकडे तिकडे पुस्तकच दिसते.

चित्र काय देऊ शकत नाही याचीही एक गोष्ट आपल्याच बाजूची आहे. नोलन नावाच्या इंग्रज कप्तानाने १८५३ साली घोडदळावर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी हा गृहस्थ रशियनांविरुद्ध बालाक्लाव्हाच्या लढाईत पडला. तो हिंदुस्थानात असता निजामाच्या स्वारांची रोहिल्यांशी चकमक झाल्याचे त्याने ऐकले. मेलेल्यांवरील जखमांचे वर्णन असे की एका घावात हात किंवा मुंडके वेगळे झालेले. नोलनला वाटले, या स्वारांच्या तलवारी कोणत्या तरी अद्भुत पोलादाच्या असाव्यात. चौकशी केली तेव्हा कळले की ती पाती इंग्रजांच्याच घोडदळाने मोडीत काढलेली जुनी पाती! निजामाच्या स्वारांनी ती विकत घेऊन त्यांना देशी मुठी बसविल्या होत्या आणि धार वस्तऱ्यासारखी लावून ती लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईखेरीज ती म्यानाबाहेर निघत नसत. इंग्रज शिपायाचे म्यान लोखंडी. कवायतीसाठी तलवार शंभर वेळा काढावयाची आणि शंभर वेळा घालावयाची, की धार गेलीच. एका सहावार शिकलेल्याच्या हातात बोथट तलवार आणि दुसऱ्या न शिकलेल्याच्या हातात वस्तरा, असा तो प्रकार झाला. त्या काळी वऱ्हाड निजामाचे होते आणि त्याच्या कंटिंजंट फौजेची एक छावणी येथून जवळ परतवाड्यास होती.

यावरून मुखपृष्ठाचा एक दोष थोडा हलकाही होतो. परदेशी पात्याला देशी मूठ बसविणे ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. मराठेशाहीतील 'फिरंग' तलवारीचे नावच ते सांगते. पाते कोठलेही असो, मूठ आपल्या हाताची असावी.

आपल्याकडे सहा वारांचे वर्तुळ कोणी छापले नव्हते, म्हणून विद्या नव्हती असे मात्र समजू नये. फरी-गदग्याचे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तमाचा, बाहेरा, शिर, कमर ही नावे आठवत असतील. तमाचा गालाच्या एका अंगास, बाहेरा दुसऱ्या अंगास, शिर डोक्यावर, कमर नावाप्रमाणे. त्या इंग्रजी वर्तुळावर ही नावे लिहू लागलो तर पुष्कळशी जागच्या जागी बसतात. माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच, त्याला मारण्याच्या वाटाही सारख्याच. फरक इतकाच की तिकडे वाट कागदावर आखलेली होती, इकडे ती वस्तादाच्या मनगटात होती. वस्ताद गेला की वाट बुजली. त्यातच १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि तलवार बाळगण्यास परवाना लागू लागला. मग तलवारीच्या ऐवजी चामडे मढविलेला गदगा आणि ढालीच्या ऐवजी चामड्याची लहान फरी, यांच्यावरच ही विद्या कशीबशी जगली.

तिला कागदावर आणण्याचे मोठे काम बडोद्यास झाले. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत दहा खंडांत संपादित केला. पहिला खंड १९३६ चा, शेवटचा १९४९ चा. फरी-गदगा, लाठी, बोथाटी, दांडपट्टा असे सारे प्रकार त्यात वर्णनासह आणि चित्रांसह आले. याच बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या संस्थेला ज्या जुम्मादादांचे नाव दिले, ते त्यांचे गुरू मुसलमान होते. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना हे मुद्दाम सांगतो. आपल्या आजोबा-पणजोबांना पट्टा शिकविणारा वस्ताद आपल्याच ज्ञातीचा होता, असे आपल्यापैकी कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय?

आणि आपल्या जवळचे तर अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ साली ते स्थापिले. तेथील मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आणि १९४९ साली स्वीडनमधील लिंगियाड मेळाव्यात आपले देशी खेळ करून दाखविले. खेड्यापाड्यांतील तरुण तेथील उन्हाळी वर्गाला जात. आमचे मोठेबाबा त्यांतलेच एक.

मोठेबाबा म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले बंधू. शिक्षण चौथीपर्यंत, शेती बेताची. तरुणपणी दोन उन्हाळे अमरावतीस राहून ते फरी-गदगा आणि पट्टा शिकून आले होते. दसऱ्याला सोने लुटून मंडळी परतली की मारुतीच्या पारापुढे ते पट्ट्याचे हात करीत. पट्ट्याची मूठ आपल्या तलवारीसारखी नसते. कोपरापर्यंत लोखंडी कवच आणि आत आडवी धरावयाची दांडी. त्यामुळे मनगट वळतच नाही. सारे काम खांद्याचे, कमरेचे आणि पायाचे. उताण्या झोपलेल्या मुलाच्या पोटावर ठेवलेले लिंबू ते कापीत. ते मूल पुष्कळदा आम्हीच असू. लिंबाचा थंड रस पोटावर ओघळल्यावर डोळे उघडावयाचे, असा नियम होता.

आम्हांस त्यांनी शिकविण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. अंगणात उभे करून ते म्हणत, "बाबू, हाताकडे नोको पाहू, पायाकडे पाय." आपल्या वऱ्हाडी बोलीत 'पाय' म्हणजे पाऊल आणि 'पाय' म्हणजे पाहा. आम्हांस त्या वाक्याचे हसू येई आणि ते रागावत. दोनचार हात शिकलो. मग जुनी अकरावी मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेण्यासाठी अमरावतीस गेलो, नोकरी लागली, लग्न झाले. दरवर्षी वाटे, या उन्हाळ्यात बसून नीट शिकू. १९८४ च्या श्रावणात मोठेबाबा गेले. पट्टा घरात राहिला. त्याचे हात गेले.

ज्ञानकोशाचा एक खंड आम्ही ज्या एका शाळेत होतो तिच्या कपाटात होता. शाळेचे नाव घेत नाही. एका वर्षी कपाटे रिकामी करण्याचे ठरले आणि उन्हाळ्याच्या सुटीत जुनी पुस्तके वजनावर रद्दीत गेली. आम्ही सुटीवरून परतलो तेव्हा त्या जागी नवे कपाट होते आणि त्याला काचाही होत्या. पुढे गावातल्या एका किराणा दुकानात पुडी बांधण्याच्या कागदांत त्या खंडाची काही पाने आम्हांस ओळखू आली. दुकानदाराने सात पाने परत दिली, पैसे घेतले नाहीत. सातांपैकी चारांवर फरी-गदग्याची चित्रे आहेत. एकावर अजून हळदीचा डाग आहे.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ओसरीवर उभे राहिलो. डाव्या हाती ताट घेतले, उजव्या हाती काठी. सौ. ने चित्र समोर धरले. चित्रातल्या माणसाप्रमाणे पाय ठेवला, गुडघा वाकविला, काठी खांद्यावरून आणली. सर्व काही चित्राबरहुकूम जमले असे आम्हांस वाटले. सौ. थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, मोठे मामाजी असे खांबासारखे उभे नव्हते राहत."

तिचे म्हणणे खरे होते. चित्रातला पाय जेथे थांबलेला दिसतो, तेथे मोठेबाबांचा पाय कधीच थांबत नसे. ते ठिकाण केवळ ओलांडण्याचे होते. चित्रकाराला मात्र पाय कोठे तरी थांबवावाच लागतो. एका हातातून दुसरा हात कसा निघतो, श्वास केव्हा सोडावयाचा, समोरच्याची नजर केव्हा ढळते, हे मधले सारे दोन चित्रांच्या फटीत राहून जाते. रोलंडसनच्या चोवीस चित्रांचीही हीच गत असली पाहिजे. आणि तरीही ती चार पाने नसती तर तमाच्याला गदगा कोणत्या उंचीवर असावा हे आम्ही साफ विसरलो होतो. पानाने उंची दिली आणि उंची हाती येताच मोठेबाबांच्या पावलाचा आवाज आठवला. औंधच्या राजेसाहेबांच्या पुस्तकातील चित्रे पाहून सूर्यनमस्कार घालणारे पुष्कळ झाले. पण ज्याने लहानपणी एकदा कोणास नमस्कार घालताना पाहिले होते, त्याचेच नमस्कार बरे पडले असावेत, असे आमचे मत आहे.

२०२४ च्या शिवजयंतीस महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. आनंदाची गोष्ट आहे. वर्तमानपत्रांतून पट्ट्याची छायाचित्रे आली. हातात पट्टा घेतलेल्या कित्येकांची पावले मात्र छायाचित्रात आलीच नव्हती, कमरेवरचाच भाग छापला होता. आमच्यासारख्याची दृष्टी आता तेथेच जाते.

मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. मुखपृष्ठावर तलवारी ठेवावयाच्या असतील तर मुठी बदलाव्यात. आमच्या घरचा पट्टा आणि ज्यांच्या घरी जुनी तलवार आहे त्यांची तलवार छायाचित्रासाठी मिळू शकेल. दुसरी विनंती, आपल्यापैकी ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांना लाठीचे, गदग्याचे, बनेटीचे हात अजून येत असतील, त्यांचे हात या हिवाळ्यात टिपून घ्यावेत. आता प्रत्येकाच्या खिशात चलच्चित्र घेणारे यंत्र आहे. रोलंडसनला जे साधले नाही ते आमचा नातूही करू शकतो. फक्त घेताना पाय चौकटीत येतील असे पाहावे. म्हाताऱ्यांना 'पुढच्या वर्षी' असे सांगू नये.

ती सात पाने आम्ही काचेत बसवून आणली आहेत, येथे टेबलावर ठेवली आहेत. ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी कार्यक्रमानंतर पाहावीत, हळदीचा डाग पुसण्याचा प्रयत्न करू नये. हा गदगा मोठेबाबांचा. चामडे नवे आहे, आतील वेत जुना आहे. आमचे वय पाहता फार काही होणार नाही, पण तमाचा आणि त्यातून निघणारा बाहेरा एवढे दोन हात अध्यक्षांच्या परवानगीने करून दाखवितो. समोरच्या रांगेतील मुलांनी जरा मागे सरकावे, आणि हाताकडे पाहू नये.